किंचित वास

आमच्या सोसायटीत एक समज पक्का आहे. अर्जाच्या शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ नसेल तर तो अर्ज कोळगावच्या जिल्हा कचेरीत पोचला तरी टेबलावरून हलत नाही. मी निवृत्त होऊन पालघरला राहायला आलो आणि हा माणूस बोईसरच्या कारखान्यात इंग्रजी टाइप करायचा, ही बातमी आठवडाभरात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली. तेव्हापासून पाण्याची लाइन, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, गटाराचं झाकण, सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे येतात. कचेरीत मराठी चालतं, नव्हे मराठीच चालतं, हे मी सांगून दमलो. पण इंग्रजी अर्जाला वजन असतं, असं त्यांचं म्हणणं. मग मी साध्या चार ओळी लिहून देतो. काय झालंय, कधीपासून, काय हवंय. माणूस कागद हातात घेतो, वरपासून खालपर्यंत बोट फिरवतो आणि विचारतो, ते नीडफुल कुठंय? नाही घातलं म्हटलं की त्याचं तोंड पडतं. दोघातिघांनी तर खाली जाऊन झेरॉक्सवाल्याकडून ते हाताने लिहून घेतलं, हे मला नंतर कळलं.

घरातही सुटका नाही. मुलगी मुंबईच्या एका कंपनीचं काम घरून करते. दार लावून बोलते, पण आवाज काय दाराला जुमानतो? सकाळी अकराला तिचं ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’ सुरू होतं. दिवस संपायला अजून सात तास असतात. मग कुणाशी तरी ‘सर्कल बॅक’ करायचं असतं, कुणाला ‘लूपमध्ये’ घ्यायचं असतं, आणि ‘गोइंग फॉरवर्ड’ तर दर वाक्याला. एवढं पुढे जाऊन ही माणसं पोचतात कुठे, असं मी एकदा विचारलं तर ती म्हणाली, बाबा, मलाही वीट आलाय. तिच्या ऑफिसात परवा एक खेळ झाला म्हणे. इंग्रजीतून कायमचा हद्दपार करावा असा एकेक शब्द प्रत्येकाने सांगायचा. तोच खेळ तिने जेवताना आमच्यापुढे मांडला.

बायकोने क्षणाचाही वेळ न घेता ‘अ‍ॅक्च्युअली’ सांगितला, कारण मुलीचा प्रत्येक नकार त्या शब्दाने सुरू होतो. मुलगी हसली. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी ‘नीडफुल’ म्हणणार असं त्यांना वाटत होतं. मी ‘स्लाइट’ म्हणालो.

मुलगी म्हणाली, “स्लाइट? तो कुठे कुणी वापरतं? त्याने कुणाचं काय बिघडवलंय?”

मी ताट उचलून बेसिनपाशी गेलो. घरात हे मी कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आता लिहून काढतो आहे.

मी साताऱ्याकडचा. बी.कॉम. झालो, टायपिंगची परीक्षा दिली आणि ओळखीच्या एकाच्या शब्दावर बोईसरला आलो. कारखाना रंगांना लागणारी रसायनं बनवायचा. माझं काम एका खिडकीच्या खोलीत, प्लांटच्या जिन्याखाली. रोज सकाळी तिन्ही पाळ्यांचं लॉगबुक माझ्या टेबलावर यायचं. ऑपरेटर त्यात दर तासाला तापमान, दाब लिहायचे आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी दोन्हींच्या खिचडीत. वरच्या साहेबांपैकी मराठी वाचणारं कुणी नव्हतं, आणि अ‍ॅसिडाचे डाग पडलेली ती वही कुणी हातातही धरत नसे. ती वाचून तिचा इंग्रजी रिपोर्ट करायचा आणि साडेनऊच्या आत वर पाठवायचा, ही माझी नोकरी.

पहिली दोन वर्षं मी शब्दकोश घेऊन बसायचो. मग अंगवळणी पडलं. कारखान्यात रोज नवीन काय घडणार? मी अकरा वाक्यं तयार केली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली. कॉम्प्युटर आल्यावर तर फारच सोय झाली. एका इंजिनिअरने शिकवलं की दोन अक्षरं टाइप केली की अख्खं वाक्य आपोआप उमटतं, अशी व्यवस्था करता येते. एन आणि ओ दाबलं की ‘ऑब्झर्व्ड अँड फाउंड नॉर्मल’. एस आणि एल दाबलं की ‘स्लाइट स्मेल ऑब्झर्व्ड. काइंडली डू द नीडफुल’. जागेचं नाव तेवढं आपण घालायचं. माझा रिपोर्ट नवाला तयार व्हायला लागला. उरलेल्या अर्ध्या तासात मी चहा प्यायचो आणि स्वतःवर खूश असायचो. वरूनही तसंच उत्तर यायचं, एका शब्दाचं. ‘नोटेड’. त्यांनीही बहुतेक दोन अक्षरांचीच सोय करून ठेवली असावी.

आमच्याकडे एक ऑपरेटर होता, माझ्याच वयाचा. उमरोळी स्टेशनच्या पलीकडच्या गावातला, घरची चिकूची वाडी. वाडी भावाभावांत वाटली गेली आणि वाट्याला आलेल्या झाडांवर घर चालेना, म्हणून तो कारखान्यात लागला. मला तो मास्तर म्हणायचा, कारण मला इंग्रजी लिहिता येतं. त्याचं नाक सगळ्या प्लांटला माहीत होतं. गळती कुठे आहे हे यंत्राने सांगायच्या आधी तो सांगायचा, आणि कुठल्या टाकीची, तेही. नवे इंजिनिअर आधी हसायचे, मग चार महिन्यांनी गुपचूप त्यालाच विचारायला यायचे.

लॉगबुकातले त्याचे शेरे मी चवीने वाचायचो. ‘ओल्या पोत्यावानी वास.’ ‘तांब्याचा पैसा तोंडात धरल्यावानी.’ एकदा लिहिलं होतं, ‘वास गोड हाय, म्हनून भीती वाटते.’ वाचून मी एकटाच हसायचो आणि एस, एल दाबायचो. ओल्या पोत्याला इंग्रजीत काय म्हणायचं, आणि म्हटलं तरी वर कोण वाचणार?

चिकूच्या दिवसांत तो कापडी पिशवी घेऊन माझ्या खोलीत यायचा. एकेक फळ नाकाशी न्यायचा आणि टेबलावर वेगवेगळं मांडायचा. हा आज, हा उद्या, हा परवा संध्याकाळी. एका दिवसाचाही फरक कधी पडला नाही. आमच्या क्वार्टरमध्ये बायको त्या चिकूंवर पेन्सिलीने वार लिहून ठेवायची.

आता ते तीन दिवस. पहिल्या दिवशी त्याचा शेरा होता, ‘दोन नंबर पंपापाशी वास हाय. डोळ्यांना लागत नाय अजून.’ दुसऱ्या दिवशी, ‘वास वाढला. घसा धरतो.’ तिसऱ्या दिवशी त्याने रकाना सोडून खाली आडवं लिहिलं होतं, ‘जवळ उभं राहवत नाय. आजच्या आज बघा.’

हे मला आज इतकं पाठ आहे म्हणजे तेव्हा मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं अशी पळवाट मला नाही. तिन्ही दिवस मी तेच लिहिलं. पंप नंबर दोनजवळ किंचित वास, काइंडली डू द नीडफुल. तिन्ही दिवस वरून आलं, नोटेड. मनात कुठे काही टोचलं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नाही टोचलं. तिसऱ्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं होती, तेवढं आठवतं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्या पंपाचं गळती रोखणारं पॅकिंग गेलं. अ‍ॅसिडाचा पांढरा धूर जमिनीसरशी पसरला. सगळे बाहेर धावले. तो मात्र आत गेला, कारण मागची झडप बंद केल्याशिवाय धूर थांबणार नव्हता आणि ती धुरातही न बघता ज्याला सापडेल असा तो एकटाच होता. मास्क दाराजवळच्या खुंटीला होता. तो घ्यायला दहा पावलं उलट जायला लागलं असतं. त्याने झडप बंद केली, भिंतीला धरत बाहेर आला आणि पायरीवर बसला. बाकी कुणाला काही झालं नाही.

दहा दिवस तो दवाखान्यात होता. छाती सुधारली, डोळे वाचले. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको डब्यातून तांदळाची पेज भरवत होती. फरशी नुकतीच पुसलेली होती. त्याने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “मास्तर, हितं फिनेलचा वास येतो काय?”

येतो म्हणालो. नाक चुरचुरत होतं माझं.

“मला नाय येत,” तो म्हणाला. “पेजेचा पन नाय.”

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेला वास कधीकधी परत येतो. त्याचा आला नाही.

कारखान्यात चौकशी बसली. समितीपुढे कागद ठेवले गेले ते माझे तीन रिपोर्ट. इंग्रजीत, स्वच्छ, एकसारखे. त्यावरून निष्कर्षाचा कच्चा मसुदा तयार झाला आणि टायपिंगला अर्थातच माझ्याकडे आला. ऑपरेटरने केवळ किंचित वास असल्याचं कळवलं, धोक्याचं गांभीर्य वेळेवर लक्षात आणून दिलं नाही, आणि मास्क न लावता आत प्रवेश केला. सबब त्याला सेवेतून कमी करण्यात यावं. तो मसुदा टाइप करताना ‘स्लाइट स्मेल’पाशी आलो, सवयीने एस आणि एल दाबलं, आणि माझं वाक्य पडद्यावर आपोआप उभं राहिलं. नीडफुलसकट. जो शब्द त्या माणसाने उभ्या जन्मात लिहिला नव्हता, त्या शब्दावर त्याची नोकरी चालली होती.

लॉगबुक माझ्याच कपाटात होतं. किल्ली माझ्याच खिशात. इथे मी लगेच उठलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी दोन दिवस ती किल्ली खिशात घेऊन फिरलो. मुलगी बारावीला होती, माझ्या नोकरीची चार वर्षं उरली होती, आणि वही बाहेर काढली की पहिला अडकणार तो मी. कुणी मागितली तर देईन, असं स्वतःला समजावलं. कुणी मागणार नव्हतं, कारण त्या वहीत काय लिहिलंय हे त्याला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आणि त्याला वाटत होतं की त्याचं लिहिलेलं वर पोचलंय. भीती आणि लाज यांत लाज मोठी व्हायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी शेवटची बैठक होती. तो इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी टाइप केलेले कागद द्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि कागदांऐवजी वही टेबलावर ठेवली. ते तीन शेरे मोठ्याने वाचले, आधी त्याच्या शब्दांत, मग हिंदीत. मोठ्या साहेबांनी माझा रिपोर्ट हातात घेतला, वहीकडे पाहिलं, पुन्हा रिपोर्टकडे पाहिलं.

“ये ‘स्लाइट’ किसने कहा था?” त्यांनी विचारलं.

“किसी ने नहीं, साहब,” मी म्हणालो. “मैं हमेशा वही लिखता हूँ.”

मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो, पण बघावं लागलंच.

“म्हंजे मी तीन दिवस लिवत होतो, ते कोनी वाचतच नव्हतं?” त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“मी वाचत होतो,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

त्याची नोकरी राहिली. नाकाचं काम राहिलं नव्हतं, म्हणून त्याला स्टोअरमध्ये घेतलं. तीनदा नोटेड लिहिणाऱ्या साहेबांची बदली झाली. मला मेमो मिळाला, आणि ऑफिसात टायपिंग करणारा मी एकटाच असल्यामुळे तो मीच टाइप केला. त्यात एकही काइंडली नव्हतं. त्याच दुपारी मी कॉम्प्युटरमधली अकराही वाक्यं पुसली. उरलेली चार वर्षं माझा रिपोर्ट साडेनऊच्याही पुढे जायचा आणि मी बोलणी खायचो. ओल्या पोत्याला मी ओलं पोतंच लिहायला लागलो, चुकीच्या इंग्रजीत का होईना. एकदा वरून फोन आला, हे काय लिहिलंय म्हणून. मी म्हणालो, पाळीवरच्या नव्या ऑपरेटरला तसा वास आला, या आणि बघा. ते आले आणि त्यांनी बघितलं.

पण तो माझ्या खोलीत आला नाही. गेटवर दिसला तर मान हलवायचा, तेवढंच. चिकूचा अख्खा हंगाम गेला. बायकोने एकदाच विचारलं, यंदा पिशवी नाही आली? मी म्हटलं, माल कमी असेल. खोटं बोललो. त्याची आठवण यायची. जिन्यावर पावलं वाजली की मान वर व्हायची, आणि दुसराच कुणीतरी असायचा.

पुढच्या हंगामात मीच गेलो. रविवारी सकाळी उमरोळीला उतरलो आणि विचारत विचारत वाडीवर पोचलो. काय बोलायचं हे गाडीत घोकलं होतं, ते त्याला बघितल्यावर विसरलो. तो झाडाखाली गोणपाटावर बसून उतरवलेले चिकू फडक्याने पुसत होता. बायको बाजूला बसून प्रतवारी करत होती, अंगठ्याने दाबून. मला बघून ती उठली, पाणी घेऊन आली, चहा टाकते म्हणून घरात गेली. पूर्वी हे काम ते नाकाने करायचे, असं तिने जाता जाता सांगितलं, तक्रार न करता.

मी त्याच्यासमोर गोणपाटावर बसलो. माफी मागितली. साधी मराठीतली, दोन वाक्यांची. त्याने ऐकून घेतलं आणि चिकू पुसत राहिला. मग ढिगातून एक फळ त्याने उचललं, सवयीने स्वतःच्या नाकापर्यंत नेलं, मध्येच थांबला, आणि माझ्यापुढे धरलं.

“तुमी वास घ्या न सांगा.”

मी वास घेतला. “छान आहे,” म्हणालो.

“छान म्हंजे?” तो म्हणाला. “रिपोर्ट लिवताव काय?”

कान तापले माझे. मी ते फळ पुन्हा नाकाशी धरलं. डोळे मिटले. वयाची पन्नाशी ओलांडलेला, तीस वर्षं लिहिण्याचा पगार घेतलेला माणूस मी, आणि एका चिकूचा वास सांगता येईना. गोड म्हणू? सगळेच चिकू गोड. तो थांबला होता. फडकं हातात तसंच.

मग मी तुकड्यातुकड्याने सांगायला लागलो. देठापाशी अजून कच्चं आहे, पाऊस पडून गेल्यावर कापलेल्या लाकडाला येतो तसा ओलसर वास. बुडाशी मात्र वेगळा आहे. आमच्याकडे उसाचं गुऱ्हाळ असतं. मोठ्या काहिलीत रस तापवतात, आणि पहिली उकळी फुटली की एक वाफ तोंडावर येते. तसा. गूळ नाही झालेला, गुळाच्या आधीचा. रसच आहे अजून, पण आता गोड होणार हे कळायला लागतं, तो वास. आणि मागे थोडीशी माती.

त्याने गुऱ्हाळ कधी बघितलं नव्हतं. काहील केवढी असते, वाफ घशाला लागते का, माती कोरडी की भिजलेली, एवढं त्याने विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि मी थांबल्यावरही थोडा वेळ तसाच बसून राहिला.

“हां,” तो म्हणाला. “आला.”

मग माझ्या हातातून ते फळ घेऊन त्याने माझ्या पिशवीत ठेवलं.

“हा आज नका खाऊ. परवा खा.”

मी परवा खाल्ला. बरोबर झाला होता.